साडेबारा फेऱ्या

“पाँच हज़ार मीटर? आप?” खुराना साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अर्ज हातभर लांब धरून पुन्हा वाचला. “भिंगारदिवे, कैरम भी है. शतरंज भी है. बैठकर खेलनेवाली इतनी चीज़ें हैं.”

सेक्शनमधली सगळी डोकी फायलींतून वर आली. डिसेंबरातली सकाळ होती, हीटर एकच होता आणि तो साहेबांच्या पायाशी होता. त्यामुळे थोड्या करमणुकीची सगळ्यांनाच गरज होती.

“सर, दौड़ना है,” सूर्यकांत म्हणाला.

“बीस साल में मैंने आपको बस के पीछे भी दौड़ते नहीं देखा.”

हशा पिकला. सूर्यकांतही हसला. असलं बोलणं हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती; चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात नेमानं केलेली ती एकच गोष्ट. साहेबांनी सही केली, कारण मंत्रालयांच्या क्रीडास्पर्धेचा अर्ज अडवण्याजोगं काही नियमात सापडेना. अर्ज परत देताना शेजारच्या नव्या असिस्टंटला मात्र ते सांगायला विसरले नाहीत, “ये हमारे खिलाड़ी हैं. काग़ज़ पर.”

सूर्यकांत भिंगारदिवे मूळचा नगरचा. मिशन हायस्कूलच्या मैदानावर अनवाणी धावायला लागला, कॉलेजात असताना विद्यापीठाच्या पाच हजार मीटरमध्ये दोन वर्षं दुसरा आला, आणि त्या दोन सर्टिफिकिटांच्या जोरावर सदुसष्ट साली खेळाडूंच्या जागेवर दिल्लीत कारकून म्हणून लागला. पुढं काही वर्षांनी त्याच इमारतीत कुस्तीचं खोटं सर्टिफिकेट देऊन लागलेला एक जण पकडला गेला. तो घरी गेला, पण जाताना बाकीच्या सगळ्या खेळाडूंवर संशय ठेवून गेला. व्हॉलीबॉलवाले निदान रोज चार वाजता सुटून मैदानावर जायचे, त्यांना कोण काय म्हणणार? सूर्यकांत मात्र टेबलाला चिकटून बसलेला असायचा. मग लोकांनी आपापसांत निकाल लावून टाकला.

खरी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. नोकरीतले पहिले दोन हिवाळे तो मंत्रालयाकडून धावला. तिसऱ्या हिवाळ्यात एका पहाटे फार थंडी होती म्हणून तो रजईतून उठला नाही. दुसऱ्या दिवशीही उठला नाही. बस, एवढंच. पाय मोडला नव्हता, घरात कुणी अंथरुणाला खिळलं नव्हतं, कुठल्या साहेबानं अडवलं नव्हतं. एखादं मोठं दुःख असतं तर चार लोकांत सांगून मोकळं होता आलं असतं. आळसाचं काय सांगणार? नोकरी धावण्यावर घेतली आणि धावणं सोडून ती वीस वर्षं खाल्ली, हे त्याच्या मनात खोल रुतून बसलं होतं, आणि ‘काग़ज़ पर’ हे शब्द नेमके तिथंच जाऊन लागायचे.

त्या वर्षी स्पर्धेत पहिल्यांदाच चाळिशीपुढच्यांचा वेगळा गट निघाला होता. ऑगस्टमध्ये तसं परिपत्रक आलं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सूर्यकांत उठला. त्याला एकदाच, फक्त एकदाच, या लोकांच्या डोळ्यांदेखत पहिल्या तिघांत यायचं होतं. पदकाचं त्याला काही नव्हतं. आपण खोटे नाही हे त्यांना दिसलं की पुरे होतं.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांमागं शाळेचं मैदान होतं. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत तो गोलपोस्टला धरून उभा राहिला. पोट त्याच्या आधी धावत होतं आणि पाय त्याच्या नंतर. दुधाच्या डेपोवर रांगेत उभे असलेले लोक पिशव्या हलवत त्याच्याकडं बघत राहिले.

“आरशात चेहरा बघा जरा,” हेमलता म्हणाली. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. माणसाच्या तोंडाकडं बघण्याआधी तिचा हात त्याच्या मनगटावर जायचा. “केवढी धाप लागलीय! या वयात कुणाला दाखवायचंय हो?”

“खुरानाला,” तो म्हणाला. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

“मग त्यालाच पळवा की.”

दहावीतली वृंदा चहात पाव बुडवत म्हणाली, “आई, धाप म्हणजे साँस फूलना ना? पप्पा, सामनेवाल्या आंटी विचारत होत्या, तेरे पापा किससे भाग रहे हैं.”

पण दुसऱ्या दिवशी सूर्यकांत पुन्हा उठला आणि तिसऱ्या दिवशीही. सप्टेंबरभर बनियन पिळून वाळत घातला. ऑक्टोबरात उजवा गुडघा सुजला. हेमलतानं पट्टी बांधली आणि बांधता बांधता जे बोलायचं ते बोलून घेतलं. नोव्हेंबरात कोळशाच्या अंगीठ्यांचा धूर मैदानावर पसरून राहायला लागला आणि खोकला आला. पण या सगळ्यात एक दिवसही त्यानं चुकवला नाही. आठ किलो उतरले. ऑफिसात पँट पट्ट्यानं चुण्या घालून बसवावी लागली, आणि ते पाहून सेक्शनमध्ये त्याला मधुमेह झाल्याची बातमी फिरली.

खरं काय ते एका श्रीरंग देवलाच माहीत होतं. श्रीरंग दुसऱ्या मजल्यावर अकाउंट्समध्ये. करोलबागेत तीन पिढ्या काढलेल्या घरातला, मराठी बोलताना मधूनमधून पंजाबी झटका देणारा. ओळखीच्या पीटी मास्तरांकडून स्टॉपवॉच मागून आणून तो दर रविवारी स्कूटरवर हजर व्हायचा आणि मंकी कॅपमधून ओरडायचा.

“फेऱ्या किती झाल्या? मी यार विसरलो.”

“थोमा,” सूर्यकांत धावता धावता म्हणाला.

“कोण थोमा?”

धावून झाल्यावर त्यानं सांगितलं. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. आधीची अर्धी सोडली की उरल्या बारा. शाळेतल्या सरांनी त्याला रविवारच्या शब्बाथशाळेतले येशूचे बारा शिष्य फेऱ्यांना लावून दिले होते: पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान, फिलिप्प, बर्थलमय, थोमा, मत्तय, अल्फीचा याकोब, तद्दय, शिमोन कनानी आणि शेवटी यहूदा. आकडा दमलेल्या माणसाच्या डोक्यातून निसटतो, नाव निसटत नाही, असं सरांचं म्हणणं होतं.

“मग आम्हाला बारा ज्योतिर्लिंगं चालतील की!” श्रीरंग म्हणाला. “फक्त आमच्यात शेवटचा असा दगाबाज नाही हां कुणी.” मग त्यानं स्टॉपवॉच उजेडात धरलं. “वीस मिनिटं, दहा सेकंद. बिल्कुल ठीक आहे. ऐक, मी यादी काढलीय. तुमच्या म्हाताऱ्यांच्या गटात नऊ जण आहेत. दोघं फौजेतून आलेले, ते अठरा मिनिटांत संपवतात, त्यांचा नाद सोड. तिसरा नंबर मोकळा आहे. एक दहिया म्हणून आहे, तो तुझ्यासारखाच वीसच्या आसपास. त्याला मारलास की झालं.”

सूर्यकांतनं दहियाला पाहिलंही नव्हतं. पण वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी त्याच्या हाताच्या अंतरावर आलं होतं.

*

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी दिल्लीत धुकं असं उतरलं होतं की मैदानावर पलीकडची कनात दिसत नव्हती. सातची शर्यत नऊला गेली, नऊची साडेदहाला. प्रमुख पाहुण्यांना बाराला निघायचं होतं. मग संयोजकांनी तोड काढली. तरुणांचे पाच हजार आणि प्रौढांचे पाच हजार एकत्रच सोडायचे, निकाल वेगळे लावायचे. एकूण सव्वीस धावणारे. त्यांच्या फेऱ्या मोजायला निरनिराळ्या खात्यांतले सहा-सात कारकून आणून अंतिम रेषेपाशी खुर्च्यांवर बसवले होते. एकेकाकडं चार-चार नंबर, हातात पुठ्ठा आणि पेन्सिल. जवळच पितळी घंटा. ज्याची शेवटची फेरी येईल त्याच्यासाठी ती वाजवायची आणि त्याचा नंबर ओरडायचा.

सूर्यकांतचा नंबर सत्तावीस. तो मोजणारा किरमिजी मफलरवाला गृहस्थ शेंगदाणे खात होता.

सेक्शनमधले बरेच जण आले होते. मैदानावरच्या हजेरीवर अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळत होती, म्हणून म्हणा. खुराना साहेब शाल पांघरून पुढच्या रांगेत. हेमलता रात्रपाळी करून तशीच आली होती, वृंदालाही तिनं ओढून आणलं होतं. वृंदा दोन रांगा मागं, ओळखीचं कुणी दिसू नये अशा बेतानं बसली होती.

“भिंगारदिवे!” खुराना साहेबांनी हात केला. “एम्बुलेंस उधर खड़ी है. रास्ते में ही है, घबराना मत.”

पिस्तूल वाजलं. अर्धी फेरी गर्दीतच गेली. पेत्राला तरुण पोरं सुटली, अंद्रियाला फौजवाले दोघं त्यांच्या मागं धुक्यात दिसेनासे झाले. याकोबाच्या वळणावर एका उंच, पिकल्या मिशांच्या माणसानं त्याला हळूच मागं टाकलं. छातीवरचा नंबर एकतीस. हाच दहिया. सूर्यकांतनं त्याच्या टाचांवर नजर ठेवली आणि ती काढली नाही.

योहान गेला. फिलिप्पच्या शेवटी रेषेपाशी येताना त्याला मफलरवाल्याची खुर्ची रिकामी दिसली. पलीकडं तंबूत कसली तरी रांग लागली होती. त्यानं लक्ष दिलं नाही. थोमाच्या वेळी माणूस परत आला होता, मांडीवर जेवणाचं पाकीट होतं. तोवर तरुण पोरं मागून येऊन एक एक करून पुढं जाऊ लागली होती, आणि कोण एक फेरी पुढं, कोण दोन, याचा कुणाला पत्ता राहिला नव्हता. छाती भाजत होती. गुडघा बोलायला लागला होता. पण पाय चालत होते, आणि आपले पाय चालताहेत या गोष्टीचंच त्याला इतकं नवल आणि इतका आनंद वाटत होता की मत्तयच्या फेरीला तो चक्क हसत होता.

अल्फीचा याकोब. तद्दय. दहिया दहा पावलं पुढं. सूर्यकांत मनाशी म्हणाला, आता शिमोनला याच्या लगत जायचं आणि यहूदाला काय असेल ते सगळं काढायचं.

तद्दय संपला, तो रेषेवर आला, आणि नेमकी घंटा खणखणली.

“सत्ताईस!” मफलरवाला उभा राहून ओरडला. “सत्ताईस नंबर! लास्ट!”

लास्ट? अजून शिमोन आणि यहूदा दोघं आहेत. सूर्यकांतची पावलं अडखळली. मग मनानं दुसरीकडून बोलायला सुरुवात केली. याकोब दोन आहेत, त्यातला एक आपण दोनदा धावलो असू. दमलेलं डोकं, चव्वेचाळीस वय, वीस वर्षांनी धावतोय. आणि ते पाहा, तो माणूस खुर्चीवर बसलाय, त्याच्या हातात पुठ्ठा आहे, त्यावर लिहिलेलं आहे. लिहिलेलं असतं ते खरं असतं, हे सूर्यकांतला वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. आपल्या डोक्यातल्यापेक्षा वरच्या टेबलावरचं मोजणं मोठं. त्यानं स्वतःवर विश्वास ठेवला नाही आणि होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं.

पहिल्याच वळणावर त्यानं दहियाला गाठलं. दहिया जोर का करत नाही? दमला असेल. समोरच्या सरळ पट्ट्यावर तो पाच पावलं पुढं गेला, शेवटच्या वळणावर तीस. डोळ्यांपुढं अंधारी आली. मंडपातून कुणीतरी त्याचं आडनाव घेऊन ओरडत होतं, अनेक जण ओरडत होते. रेषा ओलांडली आणि पांढऱ्या टोपीतल्या एका पंचानं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

“वेटरन, थर्ड! सत्ताईस नंबर! टाइम अठारह इकतीस!”

मग सगळे अंगावर आले. श्रीरंग तर नाचतच आला. ऑफिसातल्या लोकांनी पाठ बडवून काढली. खुराना साहेब शाल सावरत आले आणि त्यांनी सूर्यकांतला सगळ्यांसमोर मिठी मारली, घामासकट.

“भिंगारदिवे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर बदलला होता, “बीस साल मैं आपको ग़लत समझता रहा. मुझे माफ़ करना, यार.”

हेच ते. यासाठीच तो पाच महिने पहाटे उठला होता. सूर्यकांतला रडू कोसळलं. वृंदा रांगा ओलांडून पुढं आली होती आणि शेजारच्या मुलीला सांगत होती, “मेरे पापा हैं.” हे त्यानं कानांनी ऐकलं. त्याहून जास्त सुख त्याला त्या दिवसाआधी किंवा नंतर कधी झालं असेल असं वाटत नाही. ते साधारण अर्धा मिनिट टिकलं.

कारण डोक्यात एक आकडा कुरकुरत होता. अठरा एकतीस. वीस दहाचा माणूस आपण. दीड मिनिटापेक्षा जास्त कुठून आलं? आणि तेवढ्यात खांद्यावरच्या हातांच्या फटीतून त्याला दहिया दिसला. दहिया केव्हाच रेषेवरून पुढं गेला होता, त्याच एका लयीत, आणि धुक्यातून पलीकडच्या वळणाला लागला होता. त्याची अजून एक फेरी होती.

यहूदा राहिला होता.

कुणाला काही कळलं नव्हतं. दहिया फेरी पुरी करून आला, गुडघ्यांवर हात ठेवून दोनदा खोकला, मग सरळ सूर्यकांतकडं आला आणि त्यानं हात पुढं केला. “मुबारक हो भाईसाहब. ग़ज़ब का दम निकाला आपने. मैं तो चौथा ही ठीक.” आणि आपला स्वेटर शोधायला तो मंडपाकडं निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. तसाच जाऊ दिला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. हे सूर्यकांतला तेव्हाही कळत होतं आणि पुढंही कित्येकदा कळत राहिलं.

“हेमा,” तो म्हणाला, “माझी एक फेरी कमी झालीय.”

हेमलतानं त्याच्याकडं बघितलं. तिचा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. “कुणाला माहीत आहे?”

“मला.”

ती नको म्हणाली असती तर त्यानं ऐकलं असतं बहुतेक. तिनं फक्त मनगट सोडलं.

पंचांच्या टेबलावर निकालाचा कागद तयार होत होता. सूर्यकांतनं सांगितलं तेव्हा टोपीवाल्या पंचाला आधी ते समजेचना.

“एक चक्कर बाक़ी है? आपको कैसे मालूम?”

“मैंने गिना है, सर.”

“गिनना आपका काम है कि हमारा?” पंच वैतागला. मग त्यानं मफलरवाल्याला हाक मारली. मफलरवाला बिचारा अगदी सरळ माणूस निघाला. लपवाछपवी त्याला ठाऊकच नव्हती. म्हणाला, मधे लंचची पाकिटं सही करून घ्यायची होती, उशीर झाला तर संपतात, म्हणून गेलो. परत आल्यावर शेजारच्याला विचारलं किती झाल्या, त्यानं सांगितल्या तेवढ्या लिहिल्या. शेजारचा आपल्या नंबरांच्या सांगत होता की याच्या, हे कसं कळणार? “पर एक चक्कर से क्या होता है जी? दौड़े तो सब हैं.”

“दहिया तीसरे हैं,” सूर्यकांत म्हणाला. “नंबर इकतीस.”

पंचानं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू हातावेगळी केलेली फाइल कुणी परत टेबलावर आणून टाकली होती. मग पेन काढून सत्तावीसवर आडवी रेघ मारली, वर एकतीस लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दौड़ पूरी नहीं की.

“सर, मैं अब पूरी कर दूँ?”

“अब किसलिए? आप ट्रैक से बाहर आ चुके हैं. टाइम बंद हो गया.”

एव्हाना खुराना साहेब मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण जे ऐकायचं तेवढंच ऐकलं होतं. “मतलब एक चक्कर कम दौड़े आप?”

“सर, उन्होंने घंटी बजाई, तो...”

“नहीं नहीं, ठीक है. होता है.” साहेब हसले, आणि ते हसू पूर्वीचंच होतं, मघाच्या मिठीतला माणूस त्यात कुठंच नव्हता. खांद्यावरून घसरलेली शाल नीट करत ते वळले आणि मागच्यांना म्हणाले, “मैं भी सोचूँ, अठारह मिनट!” कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, “एक चक्कर कम,” आणि मग दुसराही तेच म्हणाला, आणि सूर्यकांतला कळलं की सोमवारपासून त्याचं नाव हे असणार आहे. नोकरी संपेपर्यंत.

श्रीरंग त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवून चिडून बोलत होता. “अरे, तू दहियाला मागं टाकलं होतंस! तुला नीट सांगितलं असतं तर शेवटच्या फेरीत खरोखर मारलं असतंस त्याला.”

“कदाचित.”

“कदाचित काय! बिल्कुल मारलं असतंस.”

सूर्यकांतनं मान हलवली. जे शेवटच्या फेरीसाठी राखलं होतं ते अकराव्या फेरीतच खर्च झालं होतं. मारलं असतं की नसतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. पुढच्या वर्षी पंचेचाळीस. गुडघा आत्ताच वाटीपाशी फुगला होता. हेमलतानं न विचारता खाली बसून तो दाबून पाहिला होता आणि तिच्या तोंडावर जे दिसलं ते त्यानं वाचलं होतं. पुढचं वर्ष नव्हतं.

तो उठला आणि ट्रॅककडं निघाला.

“अहो, आता कशाला?” हेमलता म्हणाली. “थंड झालाय तुम्ही. काहीतरी ओढलं जाईल.”

“राहिलीय ना एक.”

“पप्पा, प्लीज,” वृंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “सगळे बघतायत.”

पण कुणीच बघत नव्हतं. लोक पाकिटं सोडून पुरी-भाजी खात होते, बक्षिसांच्या टेबलावर चादर घालणं चाललं होतं. सूर्यकांत रेषेवर उभा राहिला आणि धावायला लागला. पहिल्या वळणापर्यंत गेला. तिथं पोटरीत गोळा आला, असा, की पाय जमिनीवर टेकवेना. वाकून, चोळून, पुन्हा चार पावलं. पुन्हा गोळा. मग त्यानं धावणं सोडलं आणि लंगडत चालायला लागला.

पलीकडच्या पट्ट्यावर महिला कर्मचाऱ्यांची रस्सीखेच मांडली होती. जाड दोर ट्रॅकवर आडवा, दोन्ही बाजूंना स्वेटरवरून पदर खोचलेल्या बायका, मधे शिट्टीवाला.

“भाईसाहब, ज़रा रुकिए,” शिट्टीवाला म्हणाला. “खेल चल रहा है.”

“जी,” सूर्यकांत म्हणाला आणि थांबला. घामानं भिजलेला बनियन पाठीला गार चिकटला होता. बायका ओरडल्या, दोर ताणला, सरकला, परत आला. बराच वेळ कुणी हलेना. तो हात काखेत घालून एका पायावर भार देत उभा राहिला. शेवटी एक बाजू भुईवर कोसळली, हसण्याचा कल्लोळ झाला, दोर बाजूला झाला, आणि तो त्यांच्यामधून वाट काढत पुढं निघाला.

धुकं आता विरळ झालं होतं. मंडपाकडून लाउडस्पीकर खरखरला. पाहुण्यांना निघायची घाई होती, नावं भराभर घेतली जात होती. “पाँच हज़ार मीटर, वेटरन. तृतीय स्थान...” पुढं दहियाचं नाव आलं, त्याच्या खात्याचं नाव आलं. पिकल्या मिशांचा उंच माणूस खुर्चीवरून उठून, अर्धवट घातलेला स्वेटर खाली ओढत, गोंधळून इकडंतिकडं बघत टेबलाकडं जाताना लांबून दिसला.

मंडपातल्या टाळ्या इथवर पोचेपर्यंत बारीक झाल्या होत्या. सूर्यकांतनंही चालता चालता टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या त्या टोकाला दुसरं कुणी नव्हतं. मग हात खाली सोडून तो उरलेल्या वळणाला लागला.